सतरा कलमांची शांतता

विरारला जाणारी लोकल भाईंदर सोडते आणि खाडीच्या पुलावर येते. मधे पाणजू बेट, पलीकडे नायगाव, त्यापुढे वसई. बोरिवलीहून वसई गाठायला अर्धा तास पुरतो. डब्यात उभ्या असलेल्या माणसाला आपण एक जुनी आंतरराष्ट्रीय सरहद्द ओलांडली, असे वाटण्याचे काहीच कारण नाही. पण १७८३ पासून १८१७-१८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पस्तीस वर्षे, ही खाडी दोन राज्यांची शीव होती. दक्षिण काठ ईस्ट इंडिया कंपनीचा, उत्तर काठ पेशव्यांचा. पूर्वेच्या ठाणे खाडीचीही तीच गत होती. आज जिथे मुलुंड आणि घाटकोपर आहेत तो काठ कंपनीकडे, आणि पलीकडचा कल्याणपर्यंतचा मुलूख पुण्याकडे.

ही शीव ठरली ती इथून शेकडो कोस दूर, ग्वाल्हेरजवळच्या सालबाई नावाच्या खेड्यात. १७ मे १७८२ रोजी तिथे झालेल्या तहात सतरा कलमे होती आणि त्यांतल्या एका कलमाने साष्टी बेट कायमचे इंग्रजांना दिले. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सगळी उपनगरे या साष्टीवर उभी आहेत. मुंबईकर स्वतःच्या शहराचा इतिहास सांगताना सात बेटांपाशी थांबतात. उपनगरांचा इतिहास मात्र तहनाम्यांत सापडतो.

मोठे युद्ध संपले की राष्ट्रे पुन्हा एकमेकांशी कशी वागू लागतात, हा या प्रस्तावनेचा विषय आहे. त्याची उदाहरणे द्यायची म्हटली की व्हिएन्ना, व्हर्साय, सॅन फ्रान्सिस्को ही नावे ओठांवर येतात. ती महत्त्वाची आहेतच आणि पुढे त्यांच्याकडे वळायचे आहे. परंतु मराठी वाचकाला या प्रश्नाची पहिली ओळख युरोपातून करून घ्यायची गरज नाही. आठ वर्षांचे युद्ध, मोडलेले तीन तह, एक दावेदार, एक हट्टी मुत्सद्दी आणि दोन्ही पक्षांना जामीन राहिलेला एक सरदार, असा हा प्रश्नाचा संपूर्ण पट आपल्याच घरात मांडलेला आहे. मराठी माणसाने त्यातल्या लढाया मन लावून वाचल्या. तहांकडे तेवढ्या आस्थेने पाहिले नाही, आणि ही उणीव भरून काढायला हवी.

साष्टी एका सत्तेकडून दुसऱ्या सत्तेकडे गेली ती बहुतेक वेळा भीतीपोटी. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने हुमायूनच्या धास्तीने वसई, साष्टी आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली. १६६१ च्या विवाहकराराने पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली. पण मुंबई म्हणजे नेमके किती, हे करारात स्पष्ट नव्हते. इंग्रज साष्टीही मागू लागले. गोव्याच्या व्हाइसरॉयने नकार दिला, आणि मुंबईचे बेट प्रत्यक्ष ताब्यात यायला १६६५ उजाडले. साष्टी मिळाली नाही ती नाहीच. मुंबईच्या इंग्रजांच्या मनात तिची भूक पुढे शंभर वर्षे राहिली, आणि त्याला कारणही तसेच होते. मुंबईला बंदर होते पण पोटापुरती शेती नव्हती, आणि समोरच्या बेटावर शत्रू बसला तर बंदर धोक्यात. १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत ठाणे आणि साष्टी मराठ्यांनी घेतली, मे १७३९ मध्ये वसई पडली, तेव्हा मुंबईतल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून किल्ल्याभोवती खंदक खणायला पैसे दिले. त्याच वर्षी कंपनीने कॅप्टन इंचबर्डला चिमाजी आप्पांकडे आणि कॅप्टन गॉर्डनला साताऱ्यात शाहू महाराजांकडे धाडले. शेजारी बदलला की वकील पाठवायचा, हा शहाणपणा दोन्ही बाजूंना होता.

वसईच्या शरणागतीची कलमेही लक्षात घेण्यासारखी आहेत. वेढा भयंकर होता, दोन्हीकडची माणसे मोठ्या संख्येने मेली होती. तरी पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, कुटुंबकबिल्यासह आणि हलवता येईल तेवढ्या मालमत्तेसह बाहेर पडू दिले गेले, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळायची मुभा मिळाली. जिंकणाऱ्याने हरलेल्याला सन्मानाने निघून जायची वाट ठेवली.

या सत्तांतरांची खूण बोरिवलीत आजही उघड्यावर दिसते. मंडपेश्वरची लेणी मुळात शंकराची, सहाव्या शतकाच्या सुमाराची. पोर्तुगीज काळात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी त्यांच्या माथ्यावर मठ बांधला आणि लेण्यातच प्रार्थनास्थळ केले. एका शिल्पाच्या जागी कोरलेला मोठा क्रूस अजून आहे. मराठे आल्यावर तिथे पुन्हा शिवपूजा सुरू झाली. आज खाली पिंड आहे, वर मठाच्या भग्न भिंती आहेत आणि जवळच माउंट पॉइन्सरचे चर्च नांदते आहे. एकाच खडकावर तीन राजवटींच्या खुणा आहेत आणि त्यांतली एकही पूर्णपणे पुसली गेलेली नाही. सत्ता बदलल्यावर जिंकणाऱ्याला वाटते की आता सगळे नव्याने लिहायचे. मंडपेश्वरला उभे राहिले की समजते की आधीचे लेखन खाली शिल्लक राहते, आणि नवी व्यवस्था त्याच्यावरच उभी करावी लागते.

खरी गोष्ट सुरू होते ती १७७३ मध्ये. ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथराव गादीवर बसले, बारभाईंनी त्यांना उठवले, आणि १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने कारभार सुरू झाला. पुण्याची सत्ता अशी दुभंगलेली असताना पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला येत असल्याची वार्ता मुंबईत पोहोचली. मुंबईच्या कौन्सिलला निमित्त मिळाले. डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजी फौजेने ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. दुसरी तुकडी कीटिंगच्या हाताखाली वेसाव्याच्या किल्ल्यावर गेली. मढच्या टोकावरचा हा किल्ला आज अंधेरी-मालाडचे लोक चित्रपटांत पाहतात. नवे वर्ष उजाडेपर्यंत साष्टी इंग्रजांच्या हातात होती. तह अजून कोणताच झाला नव्हता. आधी बेट घेतले आणि त्याला कायदेशीर करणारा कागद नंतर शोधायला सुरुवात झाली.

पुढच्या चार वर्षांत तीन तह झाले आणि तिन्ही मोडले. ते का मोडले, यात या विषयाचा अर्धा अभ्यास आहे.

मार्च १७७५ चा सुरतेचा तह मुंबईकर इंग्रजांनी रघुनाथरावांशी केला. फौजेच्या मोबदल्यात साष्टी आणि वसई त्यांनी लिहून दिली. पण देणाऱ्याच्या हातात सत्ता नव्हती आणि घेणाऱ्याला युद्ध करण्याचा अधिकार नव्हता. १७७३ च्या कायद्याने मुंबई कलकत्त्याच्या देखरेखीखाली गेली होती. कलकत्त्याने सुरतेचा तह नामंजूर केला आणि कर्नल अप्टनला पुण्याकडे धाडले. त्याने १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. त्यात साष्टी इंग्रजांकडे राहिली आणि रघुनाथरावांना महिना २५,००० रुपये तनखा देऊन कोपरगावी ठेवायचे ठरले. आता मुंबई रुसली. तिने रघुनाथरावांना आसरा दिलाच, शिवाय लंडनच्या डायरेक्टरांची पसंती सुरतेच्या तहाला असल्याचे तिला कळले. म्हणजे एकाच कंपनीची तीन शहरे तीन दिशांना तोंड करून उभी. अशा पक्षाशी तह करायचा तर सही कोणाची घ्यायची, हा नाना फडणवीसांपुढचा प्रश्न होता. नानांनीही फ्रेंचांच्या नावाने आलेल्या सेंट ल्यूबिनला पुण्यात ठेवून घेतले होते. त्यामुळे विश्वास कुठेच उरला नव्हता.

तिसरा तह वडगावचा. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईची फौज रघुनाथरावांना घेऊन घाट चढली. कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. त्याच्या शौर्याने भारावून मराठ्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले आणि ते नाव आजही मावळात ऐकू येते. तळेगाव-वडगावला फौज कोंडली गेली आणि इंग्रजांनी करार लिहून दिला : १७७३ नंतर घेतलेला सगळा मुलूख, साष्टीसह, परत. शाळेत आपण वडगाव अभिमानाने शिकतो आणि तो अभिमान खरा आहे. फक्त त्या करारातली बोटभर जमीनही मराठ्यांच्या हाती आली नाही. कोंडलेल्या अधिकाऱ्यांना एवढे मोठे वचन द्यायचा अधिकारच नव्हता, असे म्हणत मुंबई आणि कलकत्ता दोघांनीही तो झिडकारला. गळ्यावर सुरी ठेवून घेतलेली सही सुरी बाजूला होताच फिकी पडते, हे व्हर्सायच्या आधी एकशे चाळीस वर्षे वडगावने दाखवून दिले होते.

युद्ध मग पेटलेच. बंगालहून देश ओलांडून आलेल्या इंग्रज सेनानी गॉडर्डने अहमदाबाद आणि डिसेंबर १७८० मध्ये वसई घेतली. ऑगस्ट १७८० मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांकडे गेला. नानांनी हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना एकत्र आणण्याची मोठी मसलत उभी केली, आणि सप्टेंबर १७८० मध्ये पोल्लिलूरला हैदरने इंग्रजांची फौज चिरडली. एप्रिल १७८१ मध्ये गॉडर्डला बोरघाटातून मार खात मागे यावे लागले. दुसरीकडे माळव्यात महादजी शिंद्यांना इंग्रजी फौजेने बेजार केले होते. कोणीही जिंकत नव्हते आणि सगळ्यांचे खजिने आटत होते.

शांतता अशाच वेळी शक्य होते. १३ ऑक्टोबर १७८१ रोजी महादजी आणि कर्नल म्यूर यांच्यात लढाई थांबवण्याचा करार झाला. त्यानंतर सहाच दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, अमेरिकेत यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिस शरण गेला. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही, पण त्या एकाच दमलेल्या साम्राज्याच्या आहेत. अमेरिका, फ्रान्स, हैदर आणि मराठे या सगळ्यांशी एकदम लढणे वॉरन हेस्टिंग्जला परवडणारे नव्हते. त्याने डेव्हिड अँडरसनला महादजींकडे पाठवले आणि सालबाईला सतरा कलमे तयार झाली.

कलमे वाचताना जाणवते की प्रत्येकाच्या पदरात काहीतरी पडेल अशी ती बांधली आहेत. पुरंदरच्या तहानंतर इंग्रजांनी घेतलेला मुलूख वसईसह दोन महिन्यांत पेशव्यांना परत. साष्टी आणि तिच्याजवळची तीन लहान बेटे, ज्यांत घारापुरीही होती, इंग्रजांकडे. रघुनाथरावांनी चार महिन्यांत राहण्याची जागा निवडावी आणि महिना २५,००० रुपये घ्यावेत. इंग्रजांनी त्यांना पुन्हा मदत करू नये. हैदरने घेतलेला मुलूख सोडावा आणि कैदी मुक्त करावेत, याची जबाबदारी पेशव्यांची. पोर्तुगीजांखेरीज इतर युरोपियनांना पेशव्यांच्या मुलखात नवी वखार नाही. भडोच इंग्रजांकडे राहिले, पण त्यांनी ते नंतर महादजींना दिले. वडगावला हरलेल्या इंग्रजांना आणि त्यांच्या ओलिसांना महादजींनी माणुसकीने वागवले होते, त्याची ती परतफेड होती. युद्धातली एक चांगली वागणूक तीन वर्षांनी मुलखाच्या रूपात परत आली, हे या संपूर्ण प्रकरणातले सर्वांत सुंदर पान आहे.

सर्वांत विलक्षण कलम मात्र सोळावे. पेशवे आणि कंपनी या दोघांनीही महादजी शिंद्यांना जामीन नेमले. दोघांपैकी जो तह मोडेल त्याच्याविरुद्ध महादजींनी दुसऱ्याला मिळावे आणि मोडणाऱ्याला वठणीवर आणावे, असे त्यात आहे. तह राखायचा कोणी, हा प्रश्न सगळ्याच तहांत असतो आणि बहुतेक तहांत तो पुसट शाईने लिहिलेला असतो. सालबाईत तो ठळक अक्षरांत होता. त्याचे उत्तर होते एक जिवंत, सशस्त्र, महत्त्वाकांक्षी माणूस, ज्याला स्वतःलाच शांतता हवी होती. महादजींना उत्तरेत मोकळा हात हवा होता. डिसेंबर १७८४ मध्ये दिल्लीच्या बादशहाने त्यांना वकील-इ-मुतलक केले, ते या शांततेच्या बळावर.

या कलमाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. महादजी हे पेशव्यांचे सरदार. आपल्याच धन्यामध्ये आणि परक्यामध्ये सरदार जामीन राहतो, म्हणजे त्या परक्याने त्याला स्वतंत्र सत्ता मानले. शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड यांच्याशी वेगवेगळे बोलायची वाट इंग्रजांना इथे रुंद झाली आणि पुढे ते त्याच वाटेने गेले. शांतता टिकवणाऱ्या कलमानेच मराठी संघाची वीण सैल केली, असा निर्णय द्यावा लागतो.

हे नानांना दिसत नव्हते असे नाही. साष्टी गमावणे त्यांना बोचत होते, आणि हैदरला मित्र म्हणून उभे करून त्याच्याच माथ्यावर अट लादणे हाही विश्वासघातच होता. कलकत्त्याने तह लगेच मंजूर केला. पुण्याची मंजुरी मात्र महिनोन्‌महिने येईना. नाना हैदरच्या फौजेकडे डोळे लावून बसले होते. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर वारला, पुण्याच्या हातातला तो शह गेला, आणि फेब्रुवारी १७८३ मध्ये मंजूर तहनाम्यांची देवघेव पुरी झाली. हैदरचा मुलगा टिपू लढत राहिला. मार्च १७८४ मध्ये मंगळूरला त्याने इंग्रजांशी तह केला तो पुण्याला बाजूला ठेवून. ज्याच्यावर कलम लादले आणि ज्याला सहीला बोलावले नाही, तो आपली शांतता वेगळी करतो. सालबाईच्या सतरा कलमांतले हैदरविषयीचे कलम असे कागदावरच राहिले.

तरीही तह टिकला. १७८३ पासून १८०२ पर्यंत पुणे आणि मुंबई यांच्यात युद्ध झाले नाही, आणि त्या शतकात एवढा दीर्घ काळ सोपा नव्हता. तो आपोआप टिकला नाही. १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट पुण्यात कंपनीचा रेसिडेंट म्हणून आला आणि मुळा-मुठेच्या संगमावर राहू लागला. रोजच्या तक्रारी, अडवलेली गलबते, पळालेले गुन्हेगार, जकातीची भांडणे यांवर आता पत्रे आणि भेटी होऊ लागल्या. १७९० मध्ये टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज एकत्र आले. पुण्यात आलेल्या चित्रकार जेम्स वेल्सने सवाई माधवराव आणि नाना यांना समोर बसवून रंगवले. आज आपल्याला नानांचा चेहरा माहीत आहे, तो त्या शांततेमुळे.

मग ती मोडली. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीला महादजी वारले. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले. १३ मार्च १८०० रोजी नाना गेले. जामीन गेला, ज्याच्या नावाने तह झाला तो गेला, आणि तह मनापासून न आवडूनही तो निष्ठेने पाळणारा मुत्सद्दीही गेला. त्यांची जागा घेईल अशी कोणतीही संस्था उभी नव्हती. सालबाईने रघुनाथरावांना तनखा दिला होता आणि ते डिसेंबर १७८३ मध्ये वारलेही. पण त्यांच्या मुलांचे काय, याला तहात उत्तर नव्हते. कैदेत वाढलेला त्यांचा मुलगा, दुसरा बाजीराव, पेशवा झाला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरला त्याच्या आणि शिंद्यांच्या फौजा मोडल्या, आणि बाजीराव पळाला तो वसईला. सालबाईने पुण्याला परत मिळवून दिलेल्या त्याच वसईत, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, त्याने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. बापाने सुरतेला जे मागितले तेच मुलाने वसईला मागितले. फरक एवढाच की या वेळी किंमत संपूर्ण राज्याची होती. पुढचे वर्ष असईच्या लढाईचे, आणि त्यानंतर पंधरा वर्षांनी पेशवाई संपली.

आता जगाकडे पाहावे. १८१४-१५ मध्ये व्हिएन्नाला नेपोलियनला हरवलेल्या राष्ट्रांनी नवी घडी बसवली आणि हरलेल्या फ्रान्सचा तालेरां त्या मेजावर बसला. लहानमोठी युद्धे झाली, तरी साऱ्या युरोपाला ओढून नेणारे युद्ध १९१४ पर्यंत टळले. १९१९ मध्ये व्हर्सायला उलटे घडले. जर्मनीला मसुदा तयार झाल्यावर बोलावले, रशिया आलाच नव्हता, आणि राष्ट्रसंघाची कल्पना मांडणाऱ्या विल्सनच्या अमेरिकेच्या सिनेटने तह नाकारला. वीस वर्षांनी दुसरे महायुद्ध उभे होते.

त्या व्हर्सायला हिंदुस्थानच्या नावाने सही झाली ती भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंग यांची. डिसेंबर १९१८ च्या दिल्ली काँग्रेसने मात्र शांतता परिषदेसाठी निवडले होते लोकमान्य टिळक, गांधीजी आणि हसन इमाम यांना. टिळक तेव्हा चिरोल खटल्यासाठी लंडनला होते. पॅरिसला जाण्याचा परवाना त्यांना मिळाला नाही. मग त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र पाठवले. स्वयंनिर्णयाचे तत्त्व हिंदुस्थानलाही लागू करा, आणि आशियातल्या शांततेला स्वतंत्र हिंदुस्थानचा आधार होऊ शकतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. मंडालेहून सुटून पाच वर्षेही झाली नव्हती आणि हा माणूस आपल्या देशासाठी मागणी करताना जगाच्या व्यवस्थेचा विचार मांडत होता. टिळकांची गीतारहस्याची ओळख घरोघर आहे. या पत्राचीही व्हायला हवी.

पंचवीस वर्षांनी निदान एका मराठी माणसाला मेजावर खुर्ची मिळाली. जुलै १९४४ मध्ये, युद्ध चालू असतानाच, अमेरिकेत ब्रेटन वुड्सला ४४ राष्ट्रे जमली आणि नाणेनिधी व जागतिक बँक यांचा आराखडा ठरला. हिंदुस्थानच्या प्रतिनिधींत महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख होते. ते मुंबईतल्या रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. शिष्टमंडळाचे नेतृत्व इंग्रज अर्थसदस्याकडे होते, तरी देशमुख, षण्मुखम चेट्टी आणि मुंबईचे ए. डी. श्रॉफ यांनी तिथे आपल्या देशाची बाजू मांडली. युद्धात पुरवलेल्या मालापोटी ब्रिटनकडे हिंदुस्थानचे एक अब्ज पौंडांहून अधिक येणे साचले होते. त्याची तजवीज नव्या व्यवस्थेत व्हावी, ही मागणी मान्य झाली नाही. पण हिंदुस्थानचा कोटा ४० कोटी डॉलर ठरला, आणि रशिया नाणेनिधीत न आल्यामुळे देश पहिल्या पाचांत जाऊन कार्यकारी मंडळावर हक्काची जागा मिळाली. स्वातंत्र्य अजून तीन वर्षे दूर होते. याच देशमुखांनी १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावरून केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडले. जगाच्या मेजावर बसलेला माणूस आपल्या शहरासाठी उठूनही गेला.

२६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सह्या झाल्या. सुरक्षा परिषदेत पाच बलाढ्य राष्ट्रांना कायमची जागा आणि नकाराधिकार देण्यामागचा विचार सालबाईच्या सोळाव्या कलमाच्या जातकुळीतला आहे. ज्याच्याकडे फौज आहे आणि ज्याला व्यवस्था टिकण्यात रस आहे, त्यालाच जामीन करा. त्याचे दुखणेही तेच. जामीनदारच भांडणातला पक्ष झाला तर त्याला वठणीवर कोणी आणायचे, याचे उत्तर सालबाईत नव्हते. न्यूयॉर्कमध्ये ते आजही नाही, आणि युक्रेनवर हल्ला करणारा रशियाच त्या पाचांतला एक असल्यामुळे सुरक्षा परिषद २०२२ पासून त्या युद्धापुढे हतबल आहे.

एक गोष्ट मात्र या सर्व तहांत सारखीच सुटलेली दिसते. साष्टी दिली, घेतली, परत मागितली, पुन्हा दिली. पण वेसाव्याच्या कोळ्यांना, गोराईच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांना, खाडीकाठच्या आगऱ्यांना, डोंगरातल्या वारल्यांना कोणी विचारले नाही. खाडीच्या दोन्ही काठांवर त्यांची सोयरीक होती, मासेमारी होती, मिठागरे होती. तहाने त्यांच्या मधून रेघ गेली. त्या तहाचे परिणामही त्यांच्याच जमिनीवर उतरले. शीवचा बांधरस्ता १८०५ पर्यंत झाला, १८५३ ची पहिली रेल्वे ठाण्याकडे निघाली ती साष्टीतून, आणि १८६० मध्ये विहारचे पाणी मुंबईला पोहोचले तेही साष्टीचेच. सालबाईत साष्टी हातची गेली असती तर मुंबईला ना वाढायला जागा उरली असती ना प्यायला पाणी.

हा विषय पुढे अभ्यासायचा तर साधने मराठीत भरपूर आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांची मराठी रियासत, मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांचा ऐतिहासिक लेखसंग्रह, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातले दप्तर, आणि सरदेसाई व जदुनाथ सरकार यांच्या देखरेखीखाली निघालेले पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे खंड. यांतून नाना, महादजी आणि मॅलेट बोलतात. गावांचा आवाज मात्र क्षीण आहे. तो कुठे असेल तर मरोळ, वेसावे, गोराई, एरंगळ, वसई इथल्या जुन्या घरांतल्या पेट्यांत, देवस्थानांच्या सनदांत आणि चर्चच्या नोंदवह्यांत. पुनर्विकासात घर पाडायच्या आधी अशी पेटी उघडून पाहावी. मोडीतला किंवा पोर्तुगीजमधला एखादा कागद निघाला तर तो रद्दीत न घालता मुंबईच्या पुराभिलेख संचालनालयात किंवा पुण्याच्या मंडळात नेऊन दाखवावा, एवढी या पानांच्या वाचकांना कळकळीची विनंती आहे.